सॉकेटमधले 22.5 वॅट

22.5 वॅट! हा आकडा कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. मंडईत सांगितला, बँकेच्या रांगेत सांगितला, गच्चीवर वाळवणं घालताना शेजारच्या वहिनींना सांगितला. तुम्हालाही सांगते, कारण आज ना उद्या तुमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी येणार आणि ती दारात रात्रभर चार्जिंगला लागणार.

हिशेब शाळेतलाच आहे. भिंतीतला 15 अँपिअरचा सॉकेट घ्या, आपला गिझरचा मोठा तीन पिनांचा पॉइंट. त्याच्या मागचा एखादा स्क्रू ढिला झाला किंवा पिनेला धरणारी पितळी पट्टी सैल पडली, की त्या सांध्यात रोध तयार होतो. समजा तो फक्त 0.1 ओहम आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. 15 गुणिले 15 गुणिले 0.1, झाली 22.5 वॅट उष्णता! टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं आणि त्यावर कथील वितळतं. जवळपास तेवढीच धग तुमच्या भिंतीत, प्लास्टिकच्या डब्यात कोंडलेली, रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत! गिझर पंधरा मिनिटांत पाणी तापवून बंद होतो, म्हणून तो सैल सांधा वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी मात्र नऊ-दहा तास पूर्ण प्रवाह सलग ओढते. वितळलेल्या, काळ्या पडलेल्या सॉकेटचं कारण हेच, आणि गाडीतल्या बॅटरीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी इंजिनिअर नाही. नोकरी साताऱ्यात, सासर सांगलीत, आणि घरात गाडी घ्यायची चर्चा निघाली तेव्हा सांगलीहून सासऱ्यांचा फोन आला, की पेटणारी गाडी दारात नको. त्यांना कुणीतरी वसईचा व्हिडिओ पाठवला होता. तो व्हिडिओ खरा होता. 22 जून 2022 ला वसईत टाटांची नेक्सॉन इलेक्ट्रिक रस्त्यावर पेटली होती. कंपनीने तेव्हा सांगितलं, की 30 हजारांहून जास्त गाड्या मिळून 10 कोटी किलोमीटरच्या वर धावल्यावर घडलेली ही पहिलीच घटना आहे. सरकारनेही चौकशी लावली. त्याआधी मार्चमध्ये पुण्यात लोहगावला एक स्कूटर रस्त्याकडेला पेटली होती. त्याच महिन्यात तमिळनाडूत वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेली स्कूटर रात्री पेटली आणि धुराने बाप-लेकीचा जीव गेला. एप्रिलमध्ये नाशिकला एका कंटेनरमधल्या वीस स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये पुन्हा वसईत, घरात चार्जिंगला ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि 7 वर्षांचा मुलगा गेला. सासऱ्यांची भीती पोकळ नव्हती. म्हणून मी वाचायला बसले, आणि जे हाती लागत गेलं त्याने मला झोपच येईना. भीतीने नाही हो, आनंदाने!

आधी एक आकडा, कारण तो सासऱ्यांना फोनवर सांगितला तेव्हा ते चक्क दोन मिनिटं गप्प बसले. स्वीडनच्या सरकारी आपत्ती यंत्रणेने 2022 साठी मोजदाद केली. रस्त्यावर सुमारे 6 लाख 11 हजार इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या, त्यातल्या पेटल्या 23. पेट्रोल-डिझेलच्या सुमारे 44 लाख गाड्या, त्यातल्या पेटल्या साधारण 3,400. टक्क्यांत एका बाजूला 0.004 आणि दुसऱ्या बाजूला 0.08! पेट्रोलच्या गाड्या तुलनेने जुन्या असतात हे या हिशेबात धरलेलं नाही, पण सरळ आकड्यांत फरक वीसपटीचा आहे. लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळाचं पार्किंग ऑक्टोबर 2023 मध्ये जळालं, 1,400 च्या वर गाड्या गेल्या, आणि जगभर बोंब झाली ती इलेक्ट्रिक गाडीच्या नावाने. सुरुवात झाली होती डिझेलच्या गाडीपासून.

आता बॅटरीच्या पोटात शिरू या. इथे तर मी अक्षरशः खुर्चीवरून उठले. लिथियम बॅटरीच्या सेलमध्ये धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा एक पातळ पडदा असतो आणि आत पेटू शकणारा द्रव. सेलला मार बसला, आत दोष राहिला किंवा तो प्रमाणाबाहेर चार्ज झाला, की आत उष्णता वाढते. साधारण 130 अंशांच्या आसपास तो पडदा वितळू लागतो, पट्ट्या एकमेकींना भिडतात, उष्णतेतून आणखी उष्णता तयार होते आणि शेजारचा सेल तापतो. निकेल-कोबाल्टच्या जातीच्या सेलमध्ये तर धन पट्टीतूनच ऑक्सिजन सुटू लागतो. आगीला बाहेरची हवासुद्धा लागत नाही! म्हणून ती दाबून, झाकून विझत नाही.

आणि दुसरी जात आहे लोह-फॉस्फेटची. बाजारात तिला एलएफपी म्हणतात. फॉस्फेटमध्ये फॉस्फरसने ऑक्सिजनला इतकं घट्ट धरलेलं असतं, की सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही. हे संयुग बॅटरीसाठी वापरता येईल, असं सांगणारा शोधनिबंध 1997 सालचा, टेक्सास विद्यापीठातला. त्यावरची नावं बघा: पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ! गुडइनफ यांना 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी नोबेल मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे, दुसरं नंजुंडस्वामींचं, आणि आपल्याकडे किती जणांना ही नावं माहीत आहेत? आज सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या नेक्सॉन आणि टियागोच्या इलेक्ट्रिक गाड्यांत हीच लोह-फॉस्फेटची रसायनविद्या बसलेली आहे. मला हे वाचून किती भरून आलं, सांगता येत नाही.

वसईची गाडीही याच जातीची होती, हेही लक्षात असू द्या. एलएफपी म्हणजे न पेटणारी बॅटरी, असं कुणी विक्रेता सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हे सेल उशिरा आणि कमी तडफेने पेटतात, एवढंच. फार तापले तर त्यांतूनही ज्वलनशील वायू बाहेर पडतो, आणि बंद खोलीत तो साठला तर धोका आहे. म्हणून गाडी मोकळ्या, वारा खेळणाऱ्या जागी हवी.

2022 मधल्या त्या घटनांनंतर नियमही बदलले. स्कूटरसाठी एआयएस 156 आणि चारचाकीसाठी एआयएस 038 ही मानकं कडक झाली; पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 ला आणि दुसरा 31 मार्च 2023 ला लागू झाला. एक सेल पेटला तर आग बाकीच्यांत कशी पसरते याची चाचणी, आत काही बिघडलं तर प्रवाशांना आवाज आणि दिव्याने इशारा, सेलवर नजर ठेवणारी हुशार यंत्रणा, हे सगळं त्यात आलं. एआयएस मालिकेतली ही मानकं पुण्यातल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या नावाशी जोडलेली आहेत.  जुनी, स्वस्तातली, बिनमार्काची स्कूटर घेताना ती या नियमांआधीची आहे की नंतरची, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

पण खरी गंमत चार्जिंगच्या वायरमध्ये आहे. गाडीबरोबर येणाऱ्या वायरीला मध्ये एक जाडसर डबा असतो ना? मला वाटायचं तोच चार्जर. चार्जर गाडीत असतो, तो डबा पहारेकरी आहे. प्लग गाडीत खुपसला की डबा आणि गाडी यांची आधी बोलणी होतात, खरोखरची बोलणी! डबा एका बारीक तारेवर 12 व्होल्टचा संकेत पाठवतो. गाडी जोडली गेली, की तो 9 व्होल्टवर येतो. मग डबा सेकंदाला हजार ठोक्यांच्या तालावर गाडीला कळवतो, की मी एवढे अँपिअर देऊ शकतो, याहून जास्त ओढू नकोस. गाडी तयार झाली की संकेत 6 व्होल्टवर आणते. तेव्हा कुठे डब्यातला रिले बसतो आणि 230 व्होल्ट पुढे जातात. तोवर गाडीत खुपसलेल्या प्लगच्या पिनांत वीजच नसते. भर पावसात लोक चार्जिंग करतात ते या व्यवस्थेच्या भरवशावर. आणि सगळं करण्याआधी डबा एक गोष्ट तपासतो: भिंतीत अर्थिंग आहे का? नसेल तर लाल दिवा लावून बसतो, ढिम्म हलत नाही.

इथे आपल्याकडचा एक जुगाड सांगते आणि हात जोडून विनवते, की तो करू नका. डबा लाल दिवा दाखवतो म्हणून काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेने जोडून टाकतात. तसे तयार प्लगही विकले जातात. डबा फसतो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. आता खांबावरून येणारी न्यूट्रलची तार वाऱ्यापावसात तुटली तर? आपल्या गावांत ती तुटतेच. त्या क्षणी गाडीची पूर्ण बॉडी 230 व्होल्टवर जाते, आणि सकाळी शाळेला निघालेलं पोर दाराच्या मुठीला हात लावतं.

अर्थिंग! अहो, या एका विषयावर मी तासभर बोलू शकते. आमच्या वायरमन काकांनी बल्बची एक वायर फेजला आणि एक अर्थला लावली, बल्ब झगझगीत पेटला, आणि ते म्हणाले, "वैनी, आर्थिंग झकास हाय." मी घरी येऊन गणित मांडलं. 100 वॅटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध 529 ओहम. त्याच्यापुढे अर्थिंगचे 20 ओहम म्हणजे काहीच नाही, बल्ब पेटणारच! पण गाडीत किंवा वायरमध्ये बिघाड होऊन फेज बॉडीला लागली, तर त्या 20 ओहमच्या खड्ड्यातून प्रवाह जाणार 230 भागिले 20, म्हणजे 11.5 अँपिअर. आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की पडणारा स्विच, आहे 16 अँपिअरचा. तो पडणारच नाही! वीज बॉडीवर तशीच बसून राहणार, 11.5 अँपिअर जमिनीत जात राहणार, सांधे तापत राहणार. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त झोपणाऱ्या किती घरांची ही स्थिती असेल!

यावरचा उतारा म्हणजे आरसीसीबी. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने परत आली का, एवढंच तो पाहतो, आणि 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली की 0.3 सेकंदाच्या आत सर्किट तोडतो. खराब अर्थिंगमध्येही तो आपलं काम करतो. मात्र दुकानात नुसतं आरसीसीबी मागू नका, टाइप ए मागा. गाडीच्या चार्जरमधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे गळणारी वीज कधीकधी सरळ एसी नसते, आणि स्वस्तातला टाइप एसी तिच्यापुढे आंधळा होऊ शकतो. हे दुकानदारालाही माहीत असेलच असं नाही, म्हणून डब्यावरची खूण स्वतः वाचा.

काका मोठ्या मनाचे. गणित त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ओळखीच्या कंत्राटदाराकडून अर्थ टेस्टर आणला, दोन सळया अंगणात ठोकल्या आणि आम्ही अर्थिंगचा रोध मोजला. भर मे महिना. साताऱ्यातलं आमचं घर अजिंक्यतारा किल्ल्याच्या उताराकडे, चार फूट मुरूम आणि खाली काळा पाषाण. आकडा बघून काकाच म्हणाले, की हे काही खरं नाही. खड्ड्यात पाण्याच्या बादल्या ओतल्या, दुसऱ्या दिवशी आकडा झरझर खाली! माती ओली असली की वीज मुरते, कोरडी पडली की मुरत नाही. पुढच्या आठवड्यात सांगलीला तोच टेस्टर घेऊन गेलो. कृष्णाकाठची काळी कसदार माती, ओल धरून बसलेली. तिथला आकडा साताऱ्याच्या कितीतरी खाली. ऊस पिकवणारी माती अर्थिंगलाही उत्तम! सासरे काठी टेकत अंगणात आले आणि टेस्टरचा काटा बघत उभे राहिले. गाडीला त्यांचा विरोध त्या दिवशी संपला, हे मी नंतर ओळखलं.

पण सांगलीचा प्रश्न निराळाच, आणि तो काढला सासऱ्यांनीच. "पुराचं काय?"

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2021 मध्ये पुन्हा 55 च्या आसपास. 2019 ला सांगलीत नेक्सॉन इलेक्ट्रिक नव्हतीच, ती बाजारात आली जानेवारी 2020 मध्ये. आता पुढच्या महापुरात गावभागात, खणभागात पार्किंगमध्ये अशा किती गाड्या असतील? अमेरिकेत फ्लोरिडाला सप्टेंबर 2022 च्या इयान वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यावर, काही तर दिवसांनी, उभ्या जागी पेटल्या. मीठ वाळून आत वीजवाहक थर राहतो, हे त्यामागचं कारण. कृष्णेचं पाणी गोडं आहे, तेवढा धोका नाही. पण पुराच्या पाण्यात गाळ असतो, गटारं असतात, खतं-औषधं असतात. म्हणून आमच्या घरी ठरलं ते असं: कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की टीव्ही-फ्रीजच्या आधी गाडी विश्रामबागकडच्या उंचावर. बुडालीच तर ती चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, चारही चाकं उचलणाऱ्या गाडीवरून न्यायची, आणि तपासणी होईपर्यंत घरापासून 15 मीटर दूर मोकळ्यावर ठेवायची. अमेरिकेतले अग्निशमनवाले हेच 50 फुटांचं अंतर सांगतात.

आणि चार्जिंगचा पॉइंट! केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2019 मध्ये चार्जिंग स्टेशनांसाठी सुरक्षेचे नियम केले. सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर उंच हवा, गाडी पॉइंटपासून 5 मीटरच्या आत हवी, एक्स्टेंशन बोर्ड आणि अडॅप्टर वापरायचा नाही. घरालाही हे नियम सुंदर लागू पडतात. पण 800 मिलिमीटर म्हणजे पावणेतीन फूटसुद्धा नाही, आणि आमच्या सांगलीच्या भिंतीवर 2019 च्या पुराची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे! म्हणून तिथला एमसीबी-आरसीसीबीचा डबा त्या रेघेच्या वर चढवला आणि पॉइंटला स्वतंत्र मेन स्विच दिला. मीटरपासून थेट वेगळी तांब्याची वायर, 15 अँपिअरला 4 चौरस मिलिमीटरची. 7.2 किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवणार असाल तर तो 32 अँपिअर ओढतो, त्याला 6 ची वायर लागते आणि महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो.

साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटसाठी बैठक झाली, ती त्या मानाने लांबली. काहींचं म्हणणं, पार्किंगमध्ये चार्जिंग नकोच. मी त्यांना दक्षिण कोरियातल्या इंचॉनचं सांगितलं. 1 ऑगस्ट 2024 ला तिथे तळघरातल्या पार्किंगमध्ये एक गाडी पेटली, शंभराहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं, आणि ती गाडी चार्जिंगला नव्हतीच! नुसती उभी होती. चार्जिंग बंद करून प्रश्न सुटत नाही. गाडी कुठे उभी आहे हे महत्त्वाचं. आमच्याकडे चार्जिंगची सोयीची जागा नेमकी जिन्याखाली आणि मीटर बोर्डाला लागून. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच, धूर वर चढायची वाटही तीच. वेल्लोरला धुरानेच जीव घेतला. शेवटी जागा ठरली कंपाउंडच्या कडेला, आभाळाखाली, छोट्या पत्र्याच्या आडोशाची. गावाकडे हाच विचार कडब्याच्या गंजीबद्दल करा. तासगाव-विट्याकडे शेडमध्ये गाडी, कडबा आणि डिझेलचा कॅन एकत्र सुखाने नांदतात. त्यांना आता वेगळं करा.

पेटलीच तर काय, हेही बैठकीत निघालं. माणसं आधी लांब, वारा येतो त्या बाजूला, मग 101. पावडरच्या नळकांड्याने वरची ज्वाला खाली बसेल, आतली उष्णता बसणार नाही. तिला पाणी लागतं आणि खूप लागतं. टेस्लाच्या आपत्कालीन पुस्तिकेत 11 हजारांपासून 30 हजार लिटरपर्यंतचा अंदाज दिलेला आहे, म्हणजे जतकडे फिरणारा 10 हजार लिटरचा टँकर, एक ते तीन वेळा रिकामा. विझल्यावरही काही तासांनी पुन्हा भडकू शकते, म्हणून पहारा. आमच्या सोसायटीने बोअरच्या टाकीला रबरी नळीची तोटी जोडून घेतली. त्याने गाडी विझणार नाही, पण शेजारच्या भिंती आणि गाड्या गार ठेवता येतील.

आता डोक्यात एकच बसलंय. महाबळेश्वरचा जांभा, साताऱ्याचा मुरूम, कऱ्हाडची संगमावरची माती, सांगली-मिरजेची काळी जमीन, पुढे आटपाडी-जतचं कोरडं रान, या सगळ्या पट्ट्यात घरोघरच्या अर्थिंगचा आकडा मे महिन्यात किती आणि ऑगस्टमध्ये किती, याचा नकाशा हवा! सांगलीत वालचंद कॉलेज आहे, कऱ्हाडला सरकारी अभियांत्रिकी आहे, दोन्हीकडे इलेक्ट्रिकलची पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात. पोरांनो, हा घ्या विषय. अर्थ टेस्टर आणि वायरमन काका दोन्ही तयार आहेत, साताऱ्यातली पहिली दहा घरं मी मिळवून देते, आणि सांगलीच्या अंगणात सळया ठोकायला सासरे स्वतः येतो म्हणालेत.